साडूचं ऑर्किड

अकरा वर्षं मी माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक जावई होतो, आणि ती अकरा वर्षं फार सुखाची गेली. माझी नोकरी शेती खात्यात, तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला. तिथे माझी ओळख एकच होती: याला पान दाखवा, हा रोग सांगतो. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी भाताचं पान शर्टाच्या खिशात घालून आणायचे आणि मी ते उजेडाकडे धरून बघायचो. डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी, म्हणजे करपा. खालच्या पानांवर गंजासारखे डाग, म्हणजे जस्त कमी. जुनं पान टोकाकडून पिवळं पडत आलं, म्हणजे नत्र कमी. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागायचं, आणि ते ऐकून समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा त्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

दर रविवारी बायकोला मोपेडवर मागे बसवून मी तंजावरला सासुरवाडीला जायचो. सासरे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. मागच्या अंगणात त्यांच्या कुंड्या होत्या: मोगरा, अबोली, कढीलिंब. आठवडाभरात ज्या झाडाचं पान बिघडेल ते तोडून ते वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवायचे आणि मी चपला काढतोय तोवर पुढे करायचे.

"जांवईबापू, ह्यास काय झालें बघा."

मी बघायचो. सासूबाई कॉफी आणून ठेवायच्या, पण निदान सांगितल्याशिवाय मी पेल्याला हात लावायचो नाही. बायको म्हणायची, "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरचा ग्रह कढीलिंबावर बसला आहे." म्हणू दे. त्या घरात मला मान होता, तो पानांमुळे होता, आणि दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मेव्हणीचं लग्न ठरलं. ती बंगळूरला नोकरीला होती. तिथे तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर निघत होत्या, आणि तसल्याच एका कंपनीतला मुलगा तिने स्वतः पसंत केला. पुण्याचा. त्या बातमीने सासऱ्यांच्या घरी जो आनंद झाला, तसा माझ्या वेळी झाला नव्हता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण माझ्या वेळी मी तिथे हजर होतो. सासरे "सरि" एवढंच म्हणाले होते. तमिळमध्ये त्याचा अर्थ ठीक आहे, चालेल.

मुलगा वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण खोड काढायला जागाच नव्हती. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून 'आई' म्हणायला लागला. मी अकरा वर्षांत त्यांना कशानेच हाक मारली नव्हती, नुसता खाकरायचो. मला तो 'दादा' म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. आणि त्याची ती मराठी! छापलेल्या पुस्तकासारखी. आमच्या तोंडची मराठी ऐकून तो म्हणाला, "किती गोड बोलता तुम्ही सगळे! अगदी जुनी, जपून ठेवलेली भाषा." सगळे हरखले. मला मात्र आपण माळ्यावरून काढलेलं तांब्याचं घंगाळ आहोत असं वाटलं. महिन्याभरात सासूबाई 'झालें' सोडून 'झालं' म्हणायला लागल्या, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

लग्नातच मी एक मूर्खपणा केला. आम्ही तंजावरची मराठी माणसं घरात मराठी बोलतो, पण शाळा शिकलो ती तमिळ आणि इंग्रजी. स्तोत्रंसुद्धा तमिळ अक्षरात छापलेली वाचतो. पुण्याच्या मंडळींनी मंगलाष्टकांचे छापील कागद आणले होते, ते सगळे देवनागरीत. आमच्याकडची माणसं कागद उलटसुलट करून परत देऊ लागली. सासरे जरा ओशाळून म्हणाले, "आमच्यांत हें अक्षर कुणास लागत नाहीं." नवा जावई शेजारीच उभा होता. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "मज लागतें." मग अख्खं लग्न होईपर्यंत मी कागद धरून ओठ हलवत उभा राहिलो. सासऱ्यांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. तो अभिमान मी आधाशासारखा खाल्ला.

लग्न वैशाखात झालं. जुलैमध्ये बंगळूरहून कुंभकोणमला जाणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर एक खोकं आलं. खोक्याला भोकं पाडलेली. आत एक कुंडी, कुंडीत जाड, जिभेसारखी सहा पानं, आणि एका लवत्या दांडीवर जांभळट पांढरी पाच फुलं. ऑर्किड. माझा साडू बंगळूरच्या आपल्या गॅलरीत असली बारा झाडं बाळगून होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे त्याच्याकडे पगार होता, मराठी होती, 'आई' म्हणायची जीभ होती, आणि आता पानंसुद्धा होती. एवढं सगळं घेऊन पुन्हा त्याने माझ्या अंगणात कशाला यावं? मला त्याचा इतका हेवा वाटला की फुलांकडे बघवेना.

खोक्यात एक कागद होता, निळ्या शाईने दोन्ही बाजूंनी लिहिलेला. देवनागरी. लग्नात मी 'लागतें' म्हणालो होतो, तेव्हा मराठीत लिहावं, असं त्या भल्या माणसाला वाटलं असणार. सासऱ्यांनी तो न उघडताच माझ्यापुढे धरला.

"तुम्हांस लागतें. वाचा."

मी कागद उघडला. वरून खाली डोळे फिरवले, उलटवला, परत फिरवले. बरोबर किती वेळ लागायला हवा याचा अंदाज घेतला. मग घडी घातली.

"काय लिहितो?"

"नेहमीचेंच. ऊन, पाणी, खत. आपणांस ठाऊक आहे तें."

कागद मी शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डायरीत ठेवून दिला. आमच्या ऑफिसात एक टायपिस्ट बाई होत्या, त्यांनी बाहेरून हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यांनी तो कागद दहा मिनिटांत वाचून दाखवला असता. पण मराठी माणसाने मराठी पत्र तमिळ बाईकडून वाचून घ्यायचं? कागद डायरीतच राहिला.

आणि खरं सांगायचं तर मला तो वाचायचाच नव्हता. पानाकडे बघून मला कळत नाही असं काही तो पोरगा लिहू शकेल, हे मी मानायला तयार नव्हतो.

कुंडीत माती नव्हती. कोळशाचे आणि विटांचे तुकडे, त्यांत नारळाचं सोडण. मी हसलो. "बंगळूरवाल्यांस माती मिळत नाहीं वाटतें," म्हणालो, आणि कुंडीखाली एक खोलगट थाळी ठेवून ती पाण्याने भरायला सांगितली. कावेरीच्या काठी जन्म काढलेला माणूस मी. आमच्याकडे भात पाण्यात उभा असतो, केळ पाटाच्या कडेला, नारळ कालव्यावर ओणवलेला. पाण्याने कधी कुठलं झाड मेल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. खिडकीत ऊन येत होतं म्हणून कुंडी तिथून उचलून आत, रगड्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. सासरे रोज सकाळी थाळी भरायचे, बेरजेतला हातचा विसरू नये अशा काळजीने.

महिन्याभरात पानं गर्द हिरवी झाली. अगदी काळसर. भाताचं शेत असं झालं की शेतकरी मिशीला पीळ देतो. मीही रविवारी सासऱ्यांना पान दाखवून म्हणालो, "रंग बघा." सासऱ्यांनी रंग बघितला आणि मुलीला पत्र लिहिलं, थोरले जावई जातीने लक्ष घालत आहेत. फुलं एकेक करून गळाली. फुलं गळायचीच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर पानांचा ताठपणा गेला. आधी खालचं पान, मग त्याच्या वरचं. पान कुंडीच्या कडेवर लोळायला लागलं आणि त्यावर लांब लांब सुरकुत्या पडल्या. ठिपका नाही, डाग नाही, कीड नाही. मी भिंग आणलं, पान उलटून बघितलं, मागे मावा बसलाय का बघितलं. काही नाही. बोटांत धरलं तर मऊ, वातड. असं पान म्हणजे तहान. हे कुणीही सांगेल.

"पाणी वाढवा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी संध्याकाळीही थाळी भरायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी पान आणखी सुरकुतलं. मी म्हटलं, अजून तहान आहे. कॉफी पिताना मी बघितलं, सासरे त्या कुंडीपुढे पाटावर बसले होते आणि पुटपुटत होते. आधी वाटलं जप करतायत. मग ऐकू आलं, ते झाडाला दिवाळी किती दिवसांवर आली ते सांगत होते. दिवाळीला मेव्हणी आणि साडू येणार होते. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. घराला चुना काढून झाला होता, जावयासाठी जरीकाठी वेष्टी, आमच्याकडचं धोतर, घेऊन ठेवली होती, आणि सासूबाईंनी आलं-मिरीचं ते दिवाळीचं चाटण घोटायला घेतलं होतं. सगळं तयार होतं. फक्त धाकट्या लेकीने पाठवलेलं झाड मान टाकत होतं, आणि ते माझ्या हवाली होतं.

बायको म्हणाली, "एस्‌टीडी बूथ कोपऱ्यावर आहे. फोन करून त्यांस विचारा की."

"मी? त्यास विचारूं?"

"तुम्ही नाहीं तर कोण? बारा झाडें आहेत त्यांच्याकडे."

"बारा असोत की शंभर. पान पाहणें माझें काम आहे."

 ती म्हणाली, "झाड बरें व्हावें असें तुम्हांस वाटतें ना?"

मी चिडलो. चिडलो, कारण प्रश्न बरोबर होता. ते झाड मरावं असं मला कधीच वाटलं नाही. पण त्याने आजारी पडावं, खूप आजारी पडावं, आणि मी ते उठवावं, असं मात्र मला वाटत होतं. साडूने फुलं पाठवली; त्या फुलांच्या झाडाला जीव मी दिला, असं त्या घरात दिवाळीला बोललं जावं. यासाठी मला थोडा आजार हवाच होता.

दिवाळीला दहा दिवस होते तेव्हाची गोष्ट. सोमवार, म्हणजे आमच्याकडे गर्दीचा दिवस. बाकावर शेतकरी बसले होते, कुणाच्या खिशात पान, कुणाच्या पिशवीत अख्खं रोप. मी एकेकाला बोलावत होतो. मान वर केली तर बाकाच्या टोकाला सासरे. तंजावरहून गावाकडच्या बसने आले होते. मांडीवर ओल्या पंच्यात गुंडाळलेली कुंडी. जावयाचं ऑफिस म्हणून सरळ आत यायचं, तर ते नंबर लावून बसले होते. मी धावत गेलो.

"रात्रींत दोन पानें गळालीं," ते म्हणाले. "रविवारपर्यंत थांबवेना."

त्यांच्या शेजारी पापनाशमकडचा एक म्हातारा बसला होता. नागवेलीचा पानमळा होता त्याचा. त्याने कुंडीत डोकावून बघितलं, अंगठ्याने पान दाबलं आणि तमिळमध्ये विचारलं, "मूळ बघितलंत का?"

मी म्हणालो, "पानावर काही रोग नाही. तहान आहे."

"तहान आहेच," तो म्हणाला. "आमचा वेलही असाच लोंबतो. नवा माणूस पाणी सोडतो. आम्ही आधी मूळ उकरतो. मूळ कुजलं असलं की वेल पाण्यात उभा राहून तहानेने मरतो. पाणी वर नेणार कोण?"

बाकावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. मी कुंडी टेबलावर आडवी केली आणि झाड ओढलं. ते आपणहून हातात आलं. मुळं तपकिरी, गिळगिळीत. बोटांत धरली की साल निसटून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. सडलेल्या पाण्याचा वास सुटला. दोन मुळं तेवढी टणक होती, रुपेरी हिरवी. उरलेली सगळी मी मारली होती, सकाळ-संध्याकाळ, सासऱ्यांच्या हातून.

सासऱ्यांनी एक मूळ स्वतः दाबून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "त्या कागदांत हें लिहिलें नव्हतें?"

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. आजूबाजूला माझे शेतकरी होते. पानमळेवाला होता. सासरे होते, नंबर लावून आलेले. माझ्या तोंडून निघालं, "नाहीं. मुळांचें त्यांत कांही नव्हतें."

"एवढें नाजूक झाड पाठवितो, आणि एवढें लिहीत नाहीं?" सासऱ्यांचा चेहरा मास्तरांचा झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच ते धाकट्या जावयावर नाराज झाले होते. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

झाडाचं मग मी सगळं नीट केलं. चाकूचं पातं दिव्यावर धरून कुजकी मुळं कापली, कापलेल्या जागी हळद भरली, कुंडी फेकून ते झाड नारळाच्या कोरड्या सोडणावर बांधलं आणि खिडकीत टांगलं. पानमळेवाल्याने सांगितलं होतं तसं. सासऱ्यांनी शेजारपाजारी सांगितलं, थोरल्या जावयाने झाड वाचवलं. म्हणजे मला हवं होतं ते अक्षरशः मिळालं.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानं झाली. आमच्या गावात त्या दिवशी जो भेटेल तो 'गंगास्नान झालं का' विचारतो; साडू हे ऐकून खूश होता आणि दारावरून जाणाऱ्या सगळ्यांना तेच विचारत होता. नवी वेष्टी त्याला नेसता येत नव्हती, कमरेला पट्टा बांधून आला. मेव्हणी हसून हसून लोळत होती. मग त्याला खिडकीत टांगलेलं ऑर्किड दिसलं. चार पानं, तीही सुरकुतलेली. तो जवळ गेला, बोटाने मुळं चाचपली.

सासरे मागून म्हणाले, "मुळांचें तुम्ही लिहिलें नाहींत."

 त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण ते मास्तर होते, त्यांना आवाज चढवावा लागत नसे. "नव्या माणसाच्या हातीं झाड द्यायचें, आणि मुख्य तेंच लिहायचें नाहीं? दिवाळीच्या दिवशीं बोलूं नये. पण मज वाईट वाटलें."

साडूने वळून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पेला तोंडाला लावायला लागतो तेवढाच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मग तो म्हणाला, "चुकलंच माझं, बाबा. राहून गेलं लिहायचं."

आणि पान उचलून म्हणाला, "दादांनी वाचवलं म्हणून."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला त्याचा राग आला, खरोखर राग आला. आता हेही त्याच्याकडे होतं. खोटं ऐकून घेऊन वर दुसऱ्याची अब्रू राखायची, हेसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. त्याने भांडायला हवं होतं. कागद आणा म्हणायला हवं होतं. मी उघडा पडलो असतो, पण आम्ही सारखे तरी झालो असतो.

ते दोघे परत गेल्यावर मी तंजावरच्या एका दुकानातून हिंदीचं पहिलं पुस्तक आणलं, लहान मुलांचं, कमळाचं चित्र असलेलं. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत दार लोटून अक्षरं गिरवायला लागलो. टायपिस्ट बाईंनी एकदा पाहिलं, त्यांना वाटलं साहेब बढतीसाठी हिंदी शिकतायत. मी डोळ्यांपुढे तो निळा कागद ठेवूनच शिकत होतो. त्यात एक अक्षर सारखं यायचं, ते त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. दोन आठवडे अडलो. शेवटी पुढचीमागची अक्षरं लावून कळलं, तो 'ळ' होता. हिंदीत तो लागत नाही. आणि कागदात तो पहिल्यांदा ज्या शब्दात आला होता, तो शब्द होता 'मुळांना'.

संक्रांतीपर्यंत मी कागद पूर्ण वाचला. मग एका रविवारी तो घेऊन सासऱ्यांकडे गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. माझा मान त्या घरात पहिल्यापेक्षा वाढलेला होता, आणि मला तो गिळवत नव्हता, एवढंच.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुढे केली, आत अबोलीचं पान होतं. मी ते बाजूला ठेवलं.

"आधीं हें वाचतों," मी म्हणालो. "जुलैंत मज वाचतां येत नव्हतें. लग्नांतही येत नव्हतें."

 मी बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचायला लागलो.

"ती. दादांना सा. नमस्कार. बाबांनी पहिल्याच भेटीत तुमच्याबद्दल सांगितलं, म्हणून झाड त्यांच्याकडे पाठवतोय, पण पत्र तुम्हाला लिहितोय. कुंडीत मुद्दामच माती घातलेली नाही, मुळांना वारा लागतो. खाली पाणी साचू देऊ नये. पान गर्द हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय असं समजावं. कोवळ्या गवताचा रंग हवा. पान सुरकुतलं तर पाणी वाढवण्याआधी मुळं बघावीत, बहुतेक वेळा तीच कुजलेली असतात. हे मी तीन झाडं मारून शिकलो. पानांतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा माझं चुकत असेल तर सांगा. आणि हे अक्षर लागत नसेल तर निःसंकोच कळवा, इंग्रजीत लिहून पाठवतो."

"शेवटची ओळ परत वाचा," सासरे म्हणाले.

मी परत वाचली. अक्षर लागत नसेल तर कळवा, हे त्याने त्याच अक्षरात लिहिलं होतं. सासरे हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, सासूबाई पाणी घेऊन आल्या. मग हसू थांबलं.

"तीस वर्षें मी पोरांस सांगितलें," ते हळूच म्हणाले. "येत नाहीं तें कोरें सोडा. चुकीचें लिहूं नका." मग खुंटीवरचा सदरा काढत, "त्या पोरास मी दिवाळीच्या दिवशीं बोललों."

त्यांनी सदरा चढवला आणि चपला पायात सरकवल्या. आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या एस्‌टीडी बूथवर गेलो. नंबर त्यांनीच फिरवला, आणि पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आधीं तुम्ही."

त्याचा आवाज आला. मी म्हणालो, "मी बोलतोंय. कागद आज वाचला." पुढचं सगळं मी घोकून आलो होतो, त्यातला एक शब्द आठवेना. पलीकडून त्याने विचारलं, "दादा, नवीन मूळ आलं का?"

"आलें," मी म्हणालो. "दोन आलीं. टोकें हिरवीं आहेत."

"मग झालं तर!" तो म्हणाला, आणि खरंच खूश झाला. आवाजावरून कळत होतं.

सासऱ्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. बूथ एका माणसापुरताच होता, मी बाहेर आलो आणि काचेचं दार लागलं. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. आधी त्यांची मान खाली होती, मग ते भिंतीला टेकले, मग हसायला लागले, हात हलवून काहीतरी सांगायला लागले. अकरा वर्षांत माझ्याशी ते इतका वेळ कधी बोलले नव्हते. मी उन्हात उभा राहून काचेतून बघत होतो, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. तो आजही वाटतो. फरक एवढाच की आता तो मी त्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवला आहे.